श्रावणात केलेली दारं, चैत्रात पडलेल्या चिरा

चैत्रातल्या एका दुपारी काकूंचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं. "अरे, स्वयंपाकघरातल्या दारांना चिरा पडल्यात. आधी एकाला होती, म्हटलं असेल काही. आता पाच झाल्या. तू एकदा येऊन बघ."

काकूंच्या सासरचं कौलारू घर देवरुखजवळ होतं. वाटण्या झाल्या, घर उतरवलं गेलं, आणि काकूंच्या वाट्याला आलेल्या तुळया, काही वासे आणि देवघराचं दार त्यांनी विकलं नाही. पुण्याच्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघराची दारं याच सागाची करायची, हा त्यांचा हट्ट. माझं वर्कशॉप रत्नागिरीला, त्यामुळे तुळया तिकडेच आल्या. एकूण चौदा दारं, सगळी उठावदार पॅनलची: चार पट्ट्यांची चौकट, आत खाचेत बसवलेलं भरीव पॅनल, पॅनलच्या चारही कडांना राउटरने (वेगाने फिरणाऱ्या पात्याने लाकूड कोरणाऱ्या यंत्राने) काढलेला उतार आणि मधला भाग उंच. दारं आम्ही श्रावणात केली, दिवाळीच्या आधी पुण्यात बसवली. होळीपर्यंत एकही तक्रार नव्हती.

चिरलेली पॅनलं काढून नवी टाकावीत, तर लाकूड कुठून आणायचं? बाजारात साग मिळतो, पण काकूंच्या माजघरावरची तुळई मिळत नाही. त्यामुळे आधी कारण शोधायचं, मगच हत्याराला हात लावायचा, एवढं ठरवून मी पुण्याला गेलो.

चौदापैकी पाच दारं चिरली होती. चीर उभी, लाकडाच्या रेषांबरोबर गेलेली, पॅनलच्या साधारण मधल्या तिसऱ्या हिश्श्यात. सर्वांत मोठी चीर फ्रीजशेजारच्या उंच दाराला होती. तिच्यात मी व्हिजिटिंग कार्ड घातलं, ते सहज शिरलं. दुसरं घातलं, तेही शिरलं. पाचांपैकी तीन दारं फ्रीज आणि पश्चिमेच्या खिडकीच्या बाजूची. दोन चिरा अगदी जुन्या खिळ्याच्या भोकातून गेल्या होत्या. ही भोकं आम्ही सागाचा भुसा इपॉक्सीत कालवून भरली होती. पॅनलसाठी जिथे दोन-तीन फळ्या कडेला कड लावून चिकटवल्या होत्या, ते जोड मात्र एकाही दारात सुटले नव्हते. म्हणजे चिकटवण्यात खोट नव्हती. लाकूड ओढलं गेलं होतं आणि जिथे ते कच्चं होतं तिथे फाटलं होतं.

उरलेल्या नऊ दारांबद्दलही काकूंची तक्रार होती, जरा संकोचून केलेली. पॅनल आणि उभी पट्टी जिथे भेटतात तिथे दोन्ही बाजूंना एक फिकी, पॉलिश न लागलेली बारीक रेघ दिसायला लागली होती. "हे पॉलिश उडालंय का रे?" त्यांनी विचारलं. पॉलिश उडालं नव्हतं. ते पॅनल आकसलं होतं, आणि खाचेत लपलेला त्याचा कोरा काठ दीडेक मिलिमीटर बाहेर आला होता. दिसायला ते वाईटच, पण त्या रेघा बघून माझा जीव भांड्यात पडला, कारण नऊ पॅनलं मोकळी होती. पाच नव्हती. आता एवढंच शोधायचं होतं की ती पाच कशाने धरून ठेवली.

निघताना लक्ष देवघराच्या दाराकडे गेलं. तेच घर, तोच साग. काकूंच्या आजेसासऱ्यांच्या वेळचं दार आम्ही फक्त घासून, तेल लावून हॉलमध्ये बसवलं होतं. त्यालाही चौकटीत पॅनलं आहेत, हातरंध्याने उतार काढलेली. खालच्या पॅनलवर अंगठा टेकून मी बाजूला दाबलं. ते हललं. अगदी केसभर, पण स्पष्ट, आणि सोडल्यावर लाकडावर लाकूड टेकल्याचा हलका आवाज आला. काकू म्हणाल्या, "ते जुनं झालंय ना, म्हणून खडखडतं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तसंच आहे." मी तिथेच जमिनीवर बसलो. हे दार म्हातारपणामुळे सैल झालं नव्हतं, ज्याने केलं त्याने ते सैलच ठेवलं होतं. याच फ्लॅटमध्ये, याच उन्हाळ्यात, याच सागाच्या त्या पॅनलला एकही चीर नव्हती.

आमची चूक काम सुरू व्हायच्या आधीच झाली होती. तुळया चिरून आल्या तेव्हा ओलावा मोजायचं यंत्र मी हातात घेतलं होतं. मिस्त्रीकाका वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे आहेत. ते म्हणाले, "ऐंशी वर्षांचं लाकूड आहे, ते आता काय हलणार?" मलाही ते पटलं, आणि मी यंत्र खाली ठेवलं. दोष मिस्त्रीकाकांचा नाही, वर्कशॉप माझं आहे. आपल्याकडे हा समज घरोघरी आहे: जुनं लाकूड मेलेलं असतं, मुरलेलं असतं, त्याला पाऊस-ऊन लागत नाही. मुरलेलं असतं याचा अर्थ एवढाच की त्यातलं झाडाचं मूळचं पाणी गेलेलं असतं. हवेतली वाफ घेणं आणि सोडणं लाकूड कधीच थांबवत नाही, आणि त्याबरोबर फुगणं-आकसणंही नाही. देवघराचं पॅनल ऐंशी वर्षांनंतरही सैल ठेवण्याची गरज होती, म्हणूनच ते टिकलं.

हे फुगणं-आकसणं सगळ्या दिशांना सारखं नसतं, आणि पॅनलच्या दाराची सगळी गोष्ट इथेच आहे. लांबीत, म्हणजे रेषांच्या दिशेने, ते जवळजवळ शून्य. रुंदीत मात्र चांगलंच. ओल्या झाडापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत साग वाढीच्या वलयांच्या कडेकडेने सुमारे ५.८ टक्के आकसतो, आणि गाभ्यापासून सालीकडे सुमारे २.५ टक्के. ओक, मेपल या मंडळींत सागाची वागणूक पुष्कळ शांत आहे, दारं-खिडक्यांना आपल्याकडे साग लागतो तो उगाच नाही. तरी शांत म्हणजे स्थिर नव्हे. वर्कशॉपमधला हिशोब सोपा ठेवायचा तर चपट्या चिरलेल्या (वलयं फळीच्या रुंदीबरोबर आडवी येतील अशा) सागाची रुंदी ओलावा एक टक्का बदलला की साधारण ०.१९ टक्के बदलते. ३०० मिलिमीटरच्या पॅनलला दर टक्क्यामागे अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त. वलयं उभी येतील अशा रीतीने चिरलेल्या फळीत हेच जवळपास निम्म्यावर येतं. आमच्या फळ्या तुळईतून जास्तीत जास्त रुंदी मिळावी म्हणून चपट्या चिरलेल्या होत्या.

आता हवा बघा. कोकणात श्रावणात हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असते, उघड्या शेडमध्ये तर भिंतींना हात लावला तरी ओल जाणवते. अशा हवेत लाकूड बराच काळ राहिलं तर त्याचा ओलावा १८ टक्क्यांच्या आसपास जाऊन थांबेल. पुण्यात चैत्र-वैशाखातल्या दुपारी आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली उतरते आणि लाकडाचा ओलावा ७-८ कडे सरकतो. आम्ही घाटाखाली समुद्राकाठी दारं केली आणि घाट चढून कोरड्या हवेत नेली. त्यात फ्रीजची गरम हवा आणि पश्चिमेचं ऊन.

सहाव्या नंबरचं दार मी काढून रत्नागिरीला आणलं आणि टेबलावर पालथं घातलं. असली चौकट उघडता येत नाही. आडव्या पट्ट्यांची टोकं उभ्या पट्टीच्या नक्षीत नेमकी बसतील अशी राउटरच्या जोड-बिटने (बिट म्हणजे राउटरमध्ये बसवायचं फिरतं पातं) उलटी कोरलेली असतात आणि चारही कोपरे फेविकॉलने कायमचे जोडलेले असतात. ओढून काढायला गेलं तर पट्टी फाटते. म्हणून मागच्या बाजूने खाचेचा ओठच राउटरने उडवून टाकायचा ठरवलं. खाच दोन सूत रुंद आणि तीन सूत खोल, म्हणजे ६.३५ बाय ९.५ मिलिमीटर. (सूत हे माप आमच्याकडे अजून चालतं: इंचाचा आठवा भाग. ही बिटं मुळात इंचाच्या देशातली असल्यामुळे त्यांची मापं सुतात अगदी बिनचूक बसतात.) सरळ बिट लावून मागचा ओठ तीन फेऱ्यांत कापला, कोपऱ्यात बिट पोचत नाही तिथे पटाशी चालवली. खाचेचा आतला भाग उघडा पडला.

चारही कोपऱ्यांत, आडवी पट्टी उभ्या पट्टीत शिरते तिथून दीड-दोन इंच लांबपर्यंत, पिवळट पारदर्शक थर गोठलेला होता. फेविकॉल. जोडाला लावताना जास्त झालं होतं, शिकंजा आवळल्यावर ते बाहेर यायला हवं, पण बाहेर जायला वाट नव्हती म्हणून खाचेत घुसलं आणि पॅनलची कड पकडून बसलं. दोन्ही उभ्या पट्ट्यांवर तसंच. म्हणजे पॅनल डावीकडेही खिळलेलं, उजवीकडेही खिळलेलं. मग ते आकसणार कुठे?

पाचपैकी तीन दारांत हेच सापडलं. उरलेल्या दोनांत खाच स्वच्छ होती, फेविकॉलचा मागमूस नाही. अर्धा दिवस मी त्या दोन दारांभोवती घुटमळत होतो. शेवटी मिस्त्रीकाकांनी ब्लेडचं पातं पॅनल आणि पट्टीच्या फटीतून ओढलं आणि ते अडलं. ओढत नेलं तसा काचेसारखा पातळ पापुद्रा सुटत गेला. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश. दिवाळीच्या घाईत आम्ही दारं आधी जोडली आणि मग पॉलिश मारलं होतं, पुढून तीन हात, मागून दोन. ही दोन दारं आडवी ठेवून फवारल्यामुळे पॉलिश फटीत उतरलं, तिथेच वाळलं आणि दोन्ही बाजूंनी पॅनलला चौकटीशी सांधून बसलं. नऊ चांगल्या दारांत पॉलिशचा तो पापुद्रा लाकडाच्या पहिल्या ओढीलाच तुटला होता, आणि काकूंना दिसलेली फिकी रेघ तिथलीच.

सहाव्या दाराचं पॅनल बाहेर काढल्यावर दोन्ही तुकडे चिरेवर घट्ट जुळवून मोजले. प्रत्येक पॅनलची रुंदी वहीत लिहायची सवय वडिलांची, ती मी मोडलेली नाही. वहीत ३४६ मिलिमीटर होतं. टेबलावर ३४२ भरलं. ओलावा आठ टक्के. चार मिलिमीटर म्हणजे सव्वा टक्क्याच्या आत-बाहेर, आणि मघाच्या हिशोबाने उलटं गेलं तर श्रावणात पॅनलचा ओलावा चौदाच्या आसपास असणार. "मेलेलं" लाकूड सहा टक्के पाणी सोडून चार मिलिमीटर आत आलं होतं. मिस्त्रीकाकांनी टेप स्वतःच्या हाताने दोनदा लावून बघितली. नंतर ते बराच वेळ बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "आमचा बा कोपऱ्याला मेण लावायचा. मला वाटायचं पाणी जाऊ नये म्हणून."

ते मेण फेविकॉल पॅनलला धरू नये म्हणूनच असणार. (त्या काळी सरस असेल, काम तेच.)

दुरुस्तीत तीन पॅनलं वाचली. चिरेच्या कडा वेड्यावाकड्या असतात आणि त्यात पॉलिश-धूळ गेलेली असते, म्हणून नुसतं चिकटवून चालत नाही. चिरेवरून करवतीने सरळ काप घेतला, जितकं लाकूड गेलं तितक्या जाडीची पट्टी त्याच तुळईच्या उरलेल्या तुकड्यातून काढली, रेषा जुळवून मधे बसवली. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे जोडायच्या कडा त्याच दिवशी ताज्या रंधून, थिनरच्या फडक्याने पुसून मगच फेविकॉल लावलं. खिळ्याच्या भोकातून फाटलेली दोन पॅनलं मात्र वाचण्यासारखी नव्हती. ती नवी केली, आणि इथे राउटरच्या कामाबद्दल सविस्तर सांगतो, कारण हे काम घरी करू बघणारी बरीच मंडळी मला भेटतात.

उठावदार पॅनलचा उतार शोभेसाठी आहे असं वाटतं. तो गरजेतून आला आहे. पॅनल जाड असलं की मजबूत आणि भरीव दिसतं, पण जाड पॅनल दोन सुती खाचेत बसणार कसं? म्हणून कडा पातळ करत आणायच्या. आमचं पॅनल पाच सूत जाड, कडेला दोन सूत. मधली जी तिरपी उतरण राहते तिच्यावर सावली पडते, आणि आपण तिला नक्षी म्हणतो.

हे काढणारं आडवं बिट साडेतीन इंच व्यासाचं असतं, बशीएवढं. राउटरच्या कामातली सगळ्यात धोक्याची वस्तू हीच, म्हणून तिच्याबद्दल थोडं जास्त लिहितो. आपल्याकडे मिळणारे बरेच राउटर एकाच गतीचे असतात, मिनिटाला २२,००० च्या आसपास फेऱ्या. अर्ध्या इंची बिटला ती गती ठीक. साडेतीन इंचाचं बिट त्या गतीने फिरवलं तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला शंभर मीटर होतो, म्हणजे ताशी ३६० किलोमीटरच्या वर. बिट थरथरतं, लाकूड जळतं, आणि पातं सुटलं तर ते कुठे जाईल याचा नेम नाही. गती १०,००० ते १२,००० वर आणता येते असाच, दोन अश्वशक्तीच्या वरचा राउटर हवा, तो टेबलाखाली बसवलेला हवा, आणि बिटभोवती तोंडाजवळ जेमतेम जागा सोडणारी आडपट्टी (जिला टेकवून फळी सरकवायची ती) हवी. हातात धरून हे बिट चालवायचं नाही. एकदाही नाही. ट्रिमरचा, म्हणजे एका हातात मावणाऱ्या छोट्या राउटरचा, तर प्रश्नच येत नाही. ज्यांच्याकडे एकाच गतीचा राउटर आहे त्यांच्यासाठी उभं बिट मिळतं, दीड इंच व्यासाचं. त्यात पॅनल उंच आडपट्टीला टेकवून उभं सरकवायचं. काम सावकाश होतं, पण बोटं आणि झोप दोन्ही शाबूत राहतात. बिट घेताना दांडीचं माप आधी बघा. इथल्या राउटरबरोबर बहुधा १२ मिलिमीटरचं कॉलेट (बिटची दांडी आवळून धरणारी कडी) येतं आणि परदेशी धाटणीची मोठी बिटं अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर दांडीची असतात. १२ ची दांडी अर्ध्या इंचाच्या कॉलेटमध्ये आवळली की घट्ट वाटते आणि चालू असताना वर सरकत जाते. कॉलेट वेगळं मागवून घ्या, जुळवाजुळव नको.

जुन्या लाकडाची एक वेगळी भीती असते. फळ्यांवरून आम्ही आधी लोहचुंबक फिरवलं. तुळईत हातघडीचे चौकोनी खिळे होते, काहींची डोकी गंजून गेलेली आणि आतलं अंग शाबूत. खिळा दिसला नाही तरी त्याच्याभोवती साग काळा पडलेला असतो, तो डाग हीच खूण. चुंबक फिरवूनही एक बारीक तुकडा राहिला होता आणि प्लेनरच्या, म्हणजे रंधा मारायच्या यंत्राच्या, पात्याला दात पडला. तोच राउटरच्या बिटला भेटला असता तर कार्बाइडचं टोक उडालं असतं. खिळे नसले तरी सागात सिलिका असते आणि ती धार खाते, म्हणून बिट कार्बाइडचंच हवं, आणि तेही मधूनमधून पुसून, चिकटलेला चीक काढून.

नव्या दोन पॅनलांसाठी मूळ दारांच्या वेळचा नमुन्याचा तुकडा खणातून काढला. प्रत्येक बिटची उंची लागली की त्याच जाडीच्या तुकड्यावर काप घेऊन, त्यावर बिटचं नाव लिहून तो जपून ठेवायचा. आठ महिन्यांनी बिट त्या तुकड्याच्या उतारावर टेकवून उंची लावली तर नवा उतार जुन्याला जुळतो, नाहीतर चौदा दारांत दोन वेगळी डोळ्यांत खुपतात. उंची लावताना राउटरची वायर सॉकेटमधून काढलेली असते, नुसतं बटण बंद नाही.

एकाच फेरीत पूर्ण उतार काढत नाहीत. आम्ही आडपट्टी पुढे ठेवून चार फेऱ्या केल्या, शेवटची जेमतेम अर्धा मिलिमीटर. लाकूड उजवीकडून डावीकडे, बिटच्या फिरण्याच्या विरुद्ध. उलट दिशेने सरकवलं तर बिट फळी हातातून हिसकावून नेतं. आणि क्रम: आधी वरची आणि खालची बाजू, जिथे रेषा आडव्या कापल्या जातात, मग दोन उभ्या बाजू. आडव्या कापाच्या शेवटी, फळी बिटमधून बाहेर पडते त्या कोपऱ्यात, हमखास ढलपी उडते. उभा काप नंतर घेतला की तो कोपरा त्यातच साफ निघून जातो. प्रत्येक फेरीत हाच क्रम. आमच्याकडचा नवा मुलगा दुसऱ्या फेरीत चुकून उभ्या बाजूने सुरू झाला आणि उजव्या कोपऱ्याची करंगळीच्या नखाएवढी ढलपी उडाली. तिसऱ्या-चौथ्या फेरीत ती भरून निघाली म्हणून बरं.

आवाजावरून पुष्कळ कळतं. फळी नीट सरकत असेल तर कापाचा आवाज एकसारखा, कापड फाटल्यासारखा येतो आणि समोर कुरळे पापुद्रे पडतात. हात थांबला की आवाज चढतो, पापुद्र्यांऐवजी पीठ पडतं आणि करपल्याचा वास येतो. तुळईच्या आतल्या लाकडाला राउटर लागला तेव्हा पूर्ण शेडमध्ये सागाचा तो चामड्यासारखा, तेलकट वास भरला. ऐंशी वर्षं आत कोंडलेला. मास्क काढायचा मोह झाला, काढला नाही; सागाची धूळ श्वासाला आणि कातडीला त्रास देते.

आता माप. दार ४५० बाय ७२०. चौकटीच्या पट्ट्या ६० मिलिमीटर, म्हणजे उभ्या पट्ट्यांच्या मधे ३३० मोकळे. दोन्हीकडे ९.५ ची खाच धरली तर खाचेच्या तळापासून तळापर्यंत ३४९. या ३४९ मध्ये पॅनल किती रुंदीचं घालायचं, हे लाकूड आज कुठल्या ऋतूत आहे त्यावर ठरतं, आणि मूळ दारांच्या वेळी आम्ही हे तरी बरोबर केलं होतं: पावसाळ्यात फुगलेलं पॅनल ३४६ चं, दोन्हीकडे दीड-दीड मिलिमीटर सोडून. ते आणखी फारसं फुगणार नव्हतं. नवी दोन पॅनलं मात्र वैशाखात होत होती, ओलावा नऊ टक्के. ती ३४६ ची केली असती तर आषाढात त्यांनी चौकटीचे कोपरे आतून ढकलून उघडले असते. म्हणून ३४३ ची केली, दोन्हीकडे तीन-तीन मिलिमीटर मोकळे. उंचीत मात्र ऋतू कुठलाही असो, एक मिलिमीटर पुरतो, कारण लांबीत लाकूड हलतच नाही. माझ्याकडे शिकायला येणारे उलटं करतात: चारही बाजूंना सारखी फट सोडतात.

पॅनलं चौकटीत जायच्या आधी पूर्ण पॉलिश केली, पुढून, मागून, आणि खाचेत जाणारा काठही. आता ती आकसली तरी कोरा काठ दिसणार नाही. कोपऱ्यांवर मेणबत्ती घासली. पॅनल जागेवर मधोमध राहावं म्हणून वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीच्या बरोबर मध्यावर, मागून, एकेक बारीक खिळा. मध्य धरला की पॅनल दोन्ही बाजूंना सारखं हलतं, एकीकडे सरकून बसत नाही. मागचा उडवलेला ओठ परत आणायला सागाची सहा मिलिमीटरची पट्टी चारही बाजूंनी लावली. तिचे खिळे तिरपे, चौकटीत. पॅनलमध्ये एकही नाही. हे करताना मी स्वतः प्रत्येक खिळ्यावर उभा होतो, कारण इथे एक खिळा चुकला की सगळं परत पहिल्यापासून.

फिकी रेघ दिसणारी नऊ दारं वर्कशॉपमध्ये आणावी लागली नाहीत. वैशाखात, पॅनल सर्वांत जास्त आकसलेलं असताना, पुण्यात जागेवरच त्या उघड्या पडलेल्या काठावर बारीक ब्रशने पॉलिश लावलं आणि फटीत साचू दिलं नाही. हे काम उन्हाळ्यातच होतं. पावसाळ्यात तो काठ आत गेलेला असतो. तिथेच नवव्या दाराच्या एका बाजूला ब्लेड अडलं. तेही अर्धं सांधलेलं होतं, एकाच बाजूने, म्हणून फाटलं नव्हतं. पातं सावकाश ओढत आम्ही तो पापुद्रा कापला. पॅनल मोकळं झालं तसा टक् असा आवाज आला, काकूंनी ओट्यापाशी उभ्या राहून ऐकला.

फ्रीजशेजारच्या दाराला मी अजून एक गोष्ट केली. मागच्या बाजूने, पट्टीच्या अगदी कडेला टेकवून, पॅनलवर टोकदार पेन्सिलने दोन्हीकडे उभ्या रेषा ओढल्या आणि काकूंना सांगितलं की श्रावणात कपाट उघडाल तेव्हा एकदा बघा. नारळी पौर्णिमेच्या सुमारास त्यांनी फोटो पाठवला. डावीकडची रेष पट्टीखाली पूर्ण गेली होती. उजवीकडची वरच्या कोपऱ्यात तेवढी बोटभर दिसत होती, तिथे पट्टी जरा आत बसली आहे. पुढच्या चैत्रात मी दुसऱ्या कामासाठी पुण्यात होतो म्हणून स्वतः जाऊन पाहिलं. दोन्ही रेषा परत बाहेर आल्या होत्या, आणि पॅनलवर अंगठा दाबला तर ते देवघराच्या दारासारखंच केसभर हलत होतं.